होडीला ट्रोलिंग मोटर लावताय? आधी बॅटरीचा हिशोब करा

मराठवाड्यात मोटर म्हटली की पहिला प्रश्न ठरलेला: किती एचपीची? विहिरीवर तीनची, बोअरला पाचची, नदीवरून पाइपलाइन आणलेली असेल तर साडेसातची. होडीच्या ट्रोलिंग मोटरच्या, म्हणजे होडी पुढे नेणाऱ्या बॅटरीवरच्या छोट्या मोटरच्या, खोक्यावर मात्र एचपीचा आकडा बहुधा नसतोच. तिथे 30 पाउंड, 45 पाउंड, 55 पाउंड असं छापलेलं असतं. बरेच जण ते मोटरचं वजन समजतात. तो मोटरचा रेटा असतो. पाणी मागे फेकून मोटर होडीला किती जोराने पुढे ढकलते, त्याचं ते माप. 55 पाउंड म्हणजे साधारण 25 किलोचा रेटा. एचपीतच ऐकायचं असेल तर 12 व्होल्ट गुणिले 50 अँपिअर, म्हणजे 600 वॅट. 746 वॅटचा एक एचपी धरला तर ही मोटर पाऊण एचपीच्या जराशी वर जाते.

एवढ्याशा ताकदीत दोन माणसं, जाळी आणि मासळी असलेली होडी चालते का? चालते, पण हळू. माणूस झपाझप चालतो तेवढ्या वेगाने, म्हणजे तासाला पाच-सहा किलोमीटर. त्यापुढे मोठी मोटर घेतली तरी वेग फारसा वाढत नाही. जास्त पाउंडाची मोटर जड होडी ओढते, वाऱ्याला दाद देत नाही, पण होडीला पळवत नाही. रोज दहा-बारा किलोमीटर लांब जाळी टाकायला जाणाऱ्याने हा लेख इथेच सोडून पेट्रोलचं इंजिन बघावं. काठापासून दोन-तीन किलोमीटरच्या टापूत काम करणाऱ्यासाठी, गळ टाकणाऱ्या हौशी माणसासाठी आणि फासाच्या जाळ्याच्या कडेकडेने सरकत जाळं उचलणाऱ्यासाठी ही मोटर सोन्यासारखी आहे. आवाज नाही, धूर नाही, आणि जाळं उचलणाऱ्या माणसाचे दोन्ही हात मोकळे राहतात.

या मोटरचा जन्मही आपल्याकडच्या जुगाडासारखाच आहे. 1934 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ डाकोटा राज्यात, फार्गो इथे ओ. जी. श्मिट नावाच्या माणसाने फोर्ड मॉडेल ए गाडीचा स्टार्टर काढला, त्याला लवचिक दांडा आणि पंखा जोडला आणि होडी चालवून दाखवली. त्यातूनच पुढे मिन कोटा ही कंपनी उभी राहिली.

किती पाउंडाची घ्यायची

सोपा ठोकताळा असा आहे: भरलेल्या होडीचं जे वजन असेल, त्याच्या दोन टक्के रेटा किमान लागतो. भरलेली होडी म्हणजे सगळं धरून. फायबरची चौदा-पंधरा फुटी होडी 180 किलो, दोन माणसं 140, जाळी, बर्फाची पेटी आणि मासळी मिळून 90, बॅटरी आणि मोटर 40. झाले 450 किलो. त्याचे दोन टक्के 9 किलो, म्हणजे 20 पाउंड.

पण हा हिशोब निवांत पाण्याचा. गावच्या पाझर तलावात 30 पाउंडाची मोटर पुरून उरेल. नाथसागर, येलदरी, माजलगाव किंवा इसापूरच्या पाण्यावर तेवढ्यावर जाणं म्हणजे वाऱ्याच्या मर्जीवर जाणं. पैठणचं जायकवाडी धरण 1976 मध्ये झालं. त्यामागचा नाथसागर लांबीला पन्नास किलोमीटरच्या वर पसरलेला, आणि त्या मानाने उथळ. एवढ्या उघड्या, पसरट पाण्यावर वारा सुटला की लाटा आखूड आणि उंच उठतात. पावसाळी वारा पश्चिमेचा. धरणाच्या अंगाने, म्हणजे पूर्वेकडून निघणाऱ्याला तो जाताना समोरून लागतो आणि परतताना पाठीवर येतो. नेवाशाच्या बाजूने निघणाऱ्याचं नेमकं उलट होतं: जाताना मजेत, आणि येताना भरल्या होडीने, उतरलेल्या बॅटरीवर, वाऱ्याच्या तोंडात.

म्हणून मोठ्या धरणावर ठोकताळ्याच्या दुप्पट धरा. आपल्या 450 किलोच्या होडीला 40 पाउंड लागतील, आणि बाजारात त्याच्या वर 45 किंवा 55 ची मोटर मिळते. माझं मत विचाराल तर 55. ती कमी वेगावर चालवता येते, पण 30 ची मोटर गरज पडली म्हणून 55 ची होत नाही.

12 व्होल्टच्या मोटरी साधारण 55 पाउंडांपर्यंतच असतात. 70-80 पाउंडाला 24 व्होल्ट लागतात, शंभराच्या वर गेलं की 36. तेवढीच ताकद दुप्पट व्होल्टला निम्म्या अँपिअरमध्ये मिळते, तारा कमी तापतात. पण भरलेली होडी टनाच्या आसपास जात नसेल तर 24 व्होल्टच्या भानगडीत पडू नका.

पायाने चालवायचं पेडल, होडी एका जागी धरून ठेवणारं जीपीएस, मोबाइलवरून चालणारा रिमोट या गोष्टी गळाने मासे धरणाऱ्या हौशी माणसाच्या कामाच्या. जाळ्यावर पोट असणाऱ्याने होडीच्या मागच्या फळीला आवळून बसवायची, मुठीने वळवायची साधी मोटर घ्यावी. तिच्यात बिघडायला फारसं काही नसतं.

एका बाबतीत मात्र चिकटपणा करू नका. स्वस्त मोटरींना पाच टप्प्यांचं बटण असतं, आणि कमी टप्प्यावर उरलेली वीज आतल्या कॉइलमध्ये तापून वाया जाते. महागड्या मोटरीत मूठ पिळाल तसा वेग एकसलग कमी-जास्त होतो आणि कमी वेगावर वीज खरोखर वाचते. दिवसभर हळू चालवणाऱ्याला हा फरक बॅटरीतच भरून मिळतो.

दांड्याची लांबीही मोजून घ्या. पंख्याच्या वरच्या टोकावर किमान वीतभर, शक्यतो फूटभर पाणी हवं. लाटेत होडीची मागची बाजू उचलली आणि पंखा वर आला की तो पाण्याऐवजी हवा कापतो, मोटर नुसती घुरघुरते. साध्या होडीला 36 इंची दांडा बहुतेक चालतो, मागची फळी उंच असेल तर 42. पण आपल्या धरणांच्या काठाला पाण्याखाली जुन्या बाभळीची खोडं असतात, बेशरमाची जाळी असते. म्हणून दांडा जागेवर वर-खाली सरकवता येणारीच मोटर बघा.

वेग आणि वीज

होडीचा वेग दुप्पट करायचा तर लागणारी ताकद दुप्पट होत नाही, जवळजवळ आठपट होते. 55 पाउंडाची मोटर पूर्ण पिळली की 50 अँपिअर ओढते. त्याच होडीला निम्म्या वेगाने जायला, सगळा तोटा धरूनही, दहा-बारा अँपिअर पुरतात. समजा बॅटरीतून 60 अँपिअर-तास खर्चायचे आहेत. पूर्ण वेगात ते सव्वा तासात संपतील आणि तुम्ही सात किलोमीटर गेलेले असाल. निम्म्या वेगात पाच तास चालतील आणि पंधरा किलोमीटर होतील. सकाळी अर्धा तास आधी निघणं हीच सगळ्यात स्वस्त बॅटरी आहे. समोरून वारा असला की मात्र हे गणित मोडतं, कारण निम्म्या वेगात होडी जागची हलतच नाही. परतीसाठी राखून ठेवायचं ते याचसाठी.

आता आपल्या होडीचा एक दिवस मांडू. जाळ्यापर्यंत दोन किलोमीटर, अर्धा तास, 30 अँपिअरने: 15 अँपिअर-तास. जाळं उचलताना दोन तास हळूहळू सरकत, 8 अँपिअरने: 16. परत येताना वारा समोरून, पाऊण तास, 45 अँपिअरने: 34. एकूण 65. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या होडीचे तुम्हीच मोजा. त्यासाठी डीसी करंट दाखवणारा क्लॅम्प मीटर लागतो. इलेक्ट्रिशियनकडचा साधा क्लॅम्प बहुधा फक्त एसी मोजतो आणि बॅटरीच्या तारेवर शून्य दाखवतो, त्यावर विसंबू नका.

बॅटरी: सगळा पैसा इथे जातो

घरात ट्रॅक्टरची जुनी बॅटरी पडलेली असते आणि ती होडीवर न्यायचा मोह होतोच. ती गाडी सुरू करायची बॅटरी आहे. दोन-चार सेकंद भरमसाट करंट द्यायचा आणि लगेच डायनामोकडून भरून घ्यायचा, एवढ्यासाठी तिच्या आतल्या प्लेटा पातळ ठेवलेल्या असतात. तासन्‌तास हळूहळू रिकामी करायला लागलात तर काही महिन्यांत ती बसते.

दुसरा पर्याय इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी. लोडशेडिंगमुळे आपल्याकडे ती घराघरात, आणि ती पुन्हापुन्हा खोलवर रिकामी होण्यासाठीच बनवलेली असते. पण तिच्यावरचा 150 एएच, म्हणजे अँपिअर-तास, हा आकडा नीट वाचा. शेजारी बारीक अक्षरात सी20 असतं. म्हणजे वीस तासांत, सलग साडेसात अँपिअरने सावकाश रिकामी केली तर 150. तिच्यातून 50 अँपिअर ओढायला लागलात की साधारण शंभरच्या आसपासच हाती लागतात. त्यातही शिसं-आम्लाची बॅटरी रोज निम्म्याच्या खाली नेली तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे आपला 65 चा दिवस 150 च्या या बॅटरीवर जेमतेम निघतो, हाताशी काही उरत नाही.

आणि वजन पन्नास-साठ किलो. पावसाळ्यात पाणी गावाला टेकलेलं असतं तेव्हा हे जाणवत नाही. मार्च उजाडला की नाथसागराचं पाणी मागे सरकायला लागतं, उघड्या पडलेल्या गाळपेऱ्यात गहू-हरभरा निघालेला असतो, आणि पाण्याची कड गावापासून कुठल्या कुठे गेलेली असते. होडी तिकडे, चार्जर घरी. भेगाळलेल्या ढेकळांतून आणि शेवटच्या टप्प्यात घोट्याएवढ्या चिखलातून साठ किलोची, आतलं आम्ल हिंदकळणारी बॅटरी रोज दोनदा कोण वाहणार? पैठणकडच्या एका म्हाताऱ्या भोईकाकांना मी या बॅटरीचे फायदे सांगत होतो. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "समदं खरं हाय, पर उचलायला तू रोज येतो का?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ई-रिक्षाची शिशाची बॅटरी हा मधला मार्ग आहे. रोज रिकामी होऊन रोज भरली जाण्यासाठीच ती असते, 12 व्होल्टची एकेक नग मिळते आणि तालुक्याच्या गावीही दुरुस्तीवाला सापडतो. वजनाचा आणि निम्म्याचा नियम मात्र तिलाही लागू.

तिसरा पर्याय लिथियम, आणि त्यातही लिथियम फेरो फॉस्फेट, बाजारात ज्याला एलएफपी किंवा लायफेपो-फोर म्हणतात तेच. 12.8 व्होल्ट, 100 एएचची बॅटरी दहा ते तेरा किलो भरते. एका हातात धरून चालता येतं, मोटरसायकलच्या टाकीवर ठेवून नेता येते. शंभरातले ऐंशी अँपिअर-तास बिनधास्त वापरा, आणि जास्त करंट ओढला म्हणून आकडा कोसळत नाही. आपला 65 चा दिवस तिच्यात बसतो आणि वर पंधरा उरतात. ट्यूब्युलरची रोजच्या वापरात शेकड्यांत मोजायची चक्रं, तर चांगल्या एलएफपीची हजारांत. सुरुवातीला पैसे जास्त मोजावे लागतात, तरी रोज होडी काढणाऱ्याने हीच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. महिन्यातून दोनदा जाणाऱ्या हौशी माणसाने घरातली इन्व्हर्टरची बॅटरी नेली तरी चालेल, दोघांनी मिळून उचलायची एवढंच.

लिथियम घेताना तीन गोष्टी बघा. एक, आतलं बीएमएस, म्हणजे बॅटरीची राखण करणारं सर्किट, सलग किती अँपिअर देऊ शकतं? 50 अँपिअरच्या मोटरला 50 चंच बीएमएस घेतलंत तर ऐन वाऱ्यात ते बॅटरी बंद करेल. 100 चं घ्या. दोन, वजन. 100 एएचचे चार सेलच आठ किलोच्या आसपास होतात. सात किलोची बॅटरी कोणी 100 एएच म्हणून विकत असेल तर काटा मागवा. तीन, उरलेला चार्ज कसा कळणार? शिशाची बॅटरी संपत आली की मोटर मंदावते, तुम्हाला आधीच इशारा मिळतो. लिथियम शेवटपर्यंत 13 व्होल्टच्या आसपास ताठ उभी राहते आणि मग एकदम बंद पडते. नुसता व्होल्टमीटर इथे फसवतो. शंट लावलेला मीटर किती अँपिअर-तास गेले ते मोजून दाखवतो, तो बसवाच. मग नियम सोपा: बॅटरीचा तिसरा हिस्सा जाताना, दोन हिस्से कामाला आणि परतीला. मीटर त्या खुणेला आला की मासळी असो-नसो, पुढे जायचं नाही.

ई-स्कूटरची जुनी लिथियम बॅटरी स्वस्तात मिळते म्हणून जोडू नका, ती 48 ते 72 व्होल्टची असते आणि 12 व्होल्टची मोटर जाळून टाकेल. शिशाची आणि लिथियमची बॅटरी एकमेकींना जोडून वापरू नका. आणि थर्माकोलच्या तराफ्यावर यातलं काहीच लावू नका. तराफ्याला मोटर आवळायला जागा नसते आणि बॅटरी पाण्यात जायला वेळ लागत नाही.

तार, ब्रेकर, चार्जर

माणूस मागे बसतो, मोटरही मागेच, म्हणून तोल साधायला बॅटरी पुढे सरकवावी लागते. तीन मीटर अंतर धरू, जायची-यायची मिळून सहा मीटर तार. घरातल्या मोटरीला वापरतात ती 4 स्क्वेअर एमएमची तांब्याची तार इथे लावली तर 50 अँपिअरला सव्वा व्होल्टहून जास्त तारेतच गळतो. 12 तले सव्वा म्हणजे दहावा हिस्सा, साठ-पासष्ट वॅटची उष्णता, तार हाताला चटका देते. तीच तार 16 स्क्वेअर एमएमची घेतली तर गळती व्होल्टच्या तिसऱ्या हिश्श्यावर येते. वेल्डिंगची मऊ केबल यासाठी छान, पण तांब्याचीच मागा, अॅल्युमिनियमचीही त्याच रंगात मिळते. टोकांना थिंबल दाबून घ्या, नुसती पिळून बांधलेली तार लाटेच्या हिसक्यांनी सैल होते आणि मग तिथे ठिणगी पडते.

बॅटरीच्या प्लस टोकापासून वीतभरात 60 अँपिअरचा ब्रेकर हवा. घरच्या बोर्डातला एमसीबी इथे चालत नाही, डीसी ठिणगी तो नीट तोडू शकत नाही. सोलर पंपाचं काम करणाऱ्या दुकानात डीसी एमसीबी मिळतो. पंख्यात नायलॉनचं जाळं अडकलं, मोटर जाम झाली की हाच ब्रेकर तिला वाचवतो. जाळं सोडवताना आधी ब्रेकर पाडा, मग पंख्याला हात लावा. पंखा काढून त्यामागे दांड्याला गुंडाळलेला तंगूसही बघा. तो तिथल्या रबरी सीलात कातत जातो, पाणी आत शिरतं आणि मोटर संपते. नांदेडला विष्णुपुरीच्या खाली जलपर्णी माजते तेव्हा हेच काम दिवसातून चार वेळा करावं लागतं. मोटर मागवतानाच एक जादा पंखा आणि दोन-चार पिना मागवून ठेवा.

लिथियमला चार्जर तिचाच हवा, 14.4 ते 14.6 व्होल्टवर थांबणारा. 10 अँपिअरचा चार्जर 100 एएचला दहा तास घेतो, रात्रीची वीज जाते तिथे 20 चा बरा. एका चार्जला तोटा धरून दीड युनिटच्या आत वीज लागते. सोलरने भरायचं तर 100 वॅटचं पॅनल आपल्या उन्हात दिवसाला चारशे-साडेचारशे वॅट-तास देतं आणि बॅटरी साधारण 1280 ची आहे. रोज होडी काढणाऱ्याने 300 वॅटच्या खालचं पॅनल घेऊ नये.

पॅनल उन्हात आणि बॅटरी सावलीत, एवढं पाळा. मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा 43-44 वर जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. बॅटरी फार तापली की लिथियमचं बीएमएस चार्जिंग थांबवतं, आणि लोक बॅटरी बिघडली म्हणून दुकानात घेऊन जातात. रात्री अंगणात भरा. शिशाची असेल तर ती उन्हाळ्यात पाणी जास्त पिते, दर पंधरा दिवसांनी झाकण उघडून डिस्टिल्ड वॉटर बघा आणि बंद खोलीत चार्ज करू नका, तिच्यातून हायड्रोजन निघतो.

खरेदीआधी परवानगीचंही बघून घ्या. यंत्रावर चालणारी होडी म्हटली की 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा येतो, आणि बॅटरीची मोटर हेही यंत्रच. धरणात मासेमारीचा ठेका ज्या मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेकडे असेल, तिथे आधी विचारा. नाथसागर 1986 पासून पक्षी अभयारण्यही आहे, तेव्हा तिथे वन विभागाच्या कार्यालयात जाऊन कुठल्या भागात मोटर चालते ते विचारून घ्या.

पहिल्या दिवशी जाळं घेऊन निघू नका. लाइफ जॅकेट घाला, मोटर दोरीने होडीला बांधा, वल्ही सोबत ठेवा आणि काठाजवळच वाऱ्याच्या तोंडाला अर्धा तास चालवून मीटरवरचे अँपिअर लिहून आणा. वर मांडलेल्या दिवसात आपले आकडे टाकून बेरीज करा. ती ऐंशीच्या वर गेली तर दुसरी बॅटरी घेण्याआधी जाळं टाकायची जागा जवळ आणता येते का, ते बघा.